उंदीर उंदीरच राहतो

कुरूप पिल्लाची गोष्ट मराठी घरांत शिरली ती पुस्तकातून कमी आणि ग. दि. माडगूळकरांच्या गाण्यातून जास्त. मूळ गोष्ट डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन अँडरसनची, १८४३ सालची. मूल शाळेतून रडत आलं, कुणी त्याला ‘काळ्या’ म्हणालं, कुणी ‘ढब्बू’ म्हणालं, की आईबाबांना पहिली हीच गोष्ट आठवते. सगळे हिणवतात ते वेडंबिद्रं पिल्लू शेवटी राजहंस निघतं, आणि ऐकणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याचाच गळा आधी दाटून येतो.

गोष्ट सुंदर आहे, पण चिडवल्या जाणाऱ्या मुलाच्या फारशी कामाची नाही. ते पिल्लू जन्मतःच हंसाचं होतं. त्याने सोसलं, वाट पाहिली आणि मोठं झालं. बाकीचं त्याच्या रक्ताने केलं. जे मूल खरोखर बदकच आहे त्याने काय करायचं? बुटकं मूल पुढेही कदाचित बुटकंच राहील, बोलताना अडखळणारं अडखळत राहील, सावळी मुलगी सावळीच राहील. ‘एक दिवस तूही हंस होशील’ या दिलाशात ‘आत्ता आहेस तसा चालणार नाहीस’ हे आपण न बोलता कबूल करून टाकतो. शिवाय त्या तळ्यातल्या बदकांना त्यांचं वागणं चुकीचं होतं असं कुठेच कळत नाही. त्यांची चूक एवढीच ठरते, की त्यांनी ओळखण्यात गफलत केली.

आपल्याकडच्या पशुपक्ष्यांच्या जुन्या गोष्टींत मात्र दुबळा प्राणी शेवटपर्यंत तोच राहतो. उंदीर उंदीर राहतो, चिमणी चिमणी राहते, म्हातारी म्हातारीच राहते. बदलतो तो समोरच्याशी वागण्याचा त्यांचा डाव.

उंदराच्या टोपीचंच बघा. उंदराला रस्त्यात चिंधी सापडते. तो ती धोब्याकडून धुऊन घेतो, शिंप्याकडून तिची टोपी शिवून घेतो, वर गोंडे लावून घेतो. मग टोपी घालून ढोल बडवत गावभर सांगत सुटतो, की राजाच्या टोपीपेक्षा माझी टोपी झकास. राजाचे शिपाई टोपी हिसकावून नेतात. उंदीर गप्प बसत नाही आणि रडतही नाही. राजा भिकारी झाला, त्याला उंदराची टोपी घ्यावी लागली, अशी दवंडी तो पिटतो. लोक हसायला लागतात, राजाला लाज वाटते, टोपी परत येते. त्यावर उंदीर शेवटची दवंडी पिटतो, की राजा मला घाबरला.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना ही गोष्ट सांगताना बघावं. टोपी परत येते तिथे ती जितकी खूश होत नाहीत, तितकी या शेवटच्या उद्धटपणावर खूश होतात. हाच प्रकार बंगालमध्येही आहे. उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी १९१० साली छापलेल्या संग्रहात उंदराच्या जागी टुनटुनी, म्हणजे आपला शिंपी पक्षी आहे आणि टोपीच्या जागी राजाच्या खजिन्यातलं एक नाणं. पुढे तर राजाचं नाक कापलं जाण्यापर्यंत मजल जाते. बंगाली आज्यांना मराठी आज्यांपेक्षा राजांचा जास्त राग असावा.

उंदराचं बळ कशात आहे? दातांत नाही, चपळाईतही नाही. राजाची दांडगाई बघ्यांच्या जिवावर चालते हे त्याने ओळखलेलं आहे. त्याचं बोलणं राजाला उद्देशून नाहीच, ते गावाला उद्देशून आहे. वर्गातल्या दांडगटाचंही असंच असतं: टाळ्या आणि खिदळणं बंद झालं, की त्याचा अर्धा खेळ संपतो.

गोष्टीचा पूर्वार्ध आपण घाईने उरकतो, पण आत्मविश्वासाचं बीज तिथे आहे. चिंधी उचलण्यापासून गोंडे लावण्यापर्यंत प्रत्येक पायरी उंदीर स्वतः चढतो, दर दारात काम मागतो आणि करवून घेतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं, की ‘मला जमेल’ ही भावना सर्वांत पक्की होते ती आपल्या हातून काम तडीस गेल्याच्या अनुभवातून. कुणी शाबासकी दिली म्हणून ती तितकी पक्की होत नाही. उलट बाजूचा प्रयोग कॅलिफोर्नियाने करून पाहिला. मुलांचा स्वाभिमान वाढवला की समाजाच्या पुष्कळ दुखण्यांवर उतारा पडेल, या आशेने १९८६ मध्ये तिथल्या राज्य सरकारने खास समितीच नेमली होती. पुढे २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी स्वाभिमानावर झालेल्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. नुसता ‘मी भारी आहे’ हा विचार मनात भरवल्याने मुलं अभ्यासात पुढे जातात किंवा चांगलं वागतात याला आधार सापडला नाही. उंदीर आधी टोपी शिवून घेतो आणि मग फुशारकी मारतो. हा क्रम सांगताना उलटा होऊ देऊ नये.

चिडवणं आणि छळणं यांत फरक आहे, आणि तो मोठ्यांनीच नीट समजून घेतला पाहिजे. नॉर्वेत काम करणारे डॅन ओल्व्हेउस यांनी १९७० च्या दशकात शाळकरी मुलांमधल्या छळावर पद्धतशीर संशोधन सुरू केलं. १९८२ च्या अखेरीस तीन नॉर्वेजियन मुलांच्या आत्महत्यांनी तो देश हादरला आणि पुढच्या वर्षी तिथे सगळ्या शाळांसाठी छळविरोधी मोहीम निघाली. ओल्व्हेउस यांची व्याख्या आजही वापरतात. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. दोन सारख्या मुलांचं मधल्या सुट्टीत जुंपणं म्हणजे छळ नव्हे. पाच जणांनी रोज एकीची वेणी ओढणं हा छळ. ‘आमच्यात घ्यायचं नाही’ म्हणत महिनाभर कट्टी धरणं हाही छळच, अंगाला बोट न लावता केलेला. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातल्या जवळपास तीनातल्या एका विद्यार्थ्याला गेल्या महिनाभरात किमान एकदा तरी हे सोसावं लागलं होतं, आणि कारणांमध्ये दिसण्यावरून होणारा त्रास सर्वांत वर होता.

दांडगट पोर आतून भित्रं असतं, अशी आपली एक लाडकी समजूत आहे. ओल्व्हेउस यांना तसं आढळलं नाही. बहुतेक छळणारी मुलं स्वतःबद्दल बऱ्यापैकी खूश होती. त्यामुळे ‘जाऊ दे, तोच बिचारा दुःखी असेल’ हे समजावणं पीडित मुलाला ना खरं वाटतं, ना उपयोगी पडतं.

आता बैलाची गोष्ट. या विषयावर मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. जातककथांमध्ये, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींत, ती नंदिविशाल जातक म्हणून येते. गांधार देशात तक्षशिलेला एका ब्राह्मणाने वासरू पेज भरवून पोटच्या पोरासारखं वाढवलं. मोठं झाल्यावर त्या बैलाला वाटलं, या माणसाचे पांग फेडावेत. तो म्हणाला, वाळू-दगडांनी भरलेल्या शंभर गाड्या एकामागे एक बांधा, मी ओढतो. एका सावकाराशी हजार नाण्यांची पैज लावा. पैज लागली. बैलाला जुंपलं, ब्राह्मण पुढच्या गाडीवर चढून बसला आणि ओरडला, ‘चल रे लबाडा, ओढ रे लुच्च्या!’ बैलाने चारी पाय खांबासारखे रोवले. गाडी तसूभर हलली नाही. हजार नाणी गेली, ब्राह्मणाने घरी येऊन अंथरूण धरलं.

बैल गोठ्यातून आला आणि त्याने विचारलं, इतकी वर्षं तुमच्या घरी आहे, कधी मडकं फोडलं? कुणाला धक्का मारला? नको तिथे घाण केली? मग मला लबाड का म्हणालात? ब्राह्मणाकडे उत्तर नव्हतं. बैल म्हणाला, चूक तुमची होती. आता जा, दोन हजारांची पैज लावा, फक्त मला तसं बोलू नका. दुसऱ्या खेपेला ब्राह्मणाने पाठीवरून हात फिरवला, चांगल्या नावाने हाक मारली, आणि शंभरावी गाडी पहिलीच्या जागी येऊन उभी राहीपर्यंत नंदिविशाल ओढत गेला.

बुद्धांनी ही गोष्ट सांगितली ती लहान मुलांना नव्हे. संघातले सहा भिक्षू इतरांना जातीवरून, नावावरून, व्यंगावरून टोचून बोलत, त्यांच्यासाठी सांगितली. विनयपिटकात अपमानकारक बोलण्याविरुद्धच्या नियमासोबतही ती येते. म्हणजे वसतिगृहातल्या छळाविरुद्धचा नियम आणि त्याच्या समर्थनार्थ एक बैल, अशी ही फार जुनी जोडी आहे.

हा बैल दुबळा नाही, हे विसरून चालणार नाही. त्याच्या अंगात शंभर गाड्यांचं बळ आहे आणि तरीही एका शब्दाने त्याचे पाय थांबतात. ‘नुसतं बोलले तर काय झालं, मारलं तर नाही ना?’ असं विचारणाऱ्या शिक्षकांना हेच सांगायला हवं. बैल काय करतो तेही बघण्यासारखं आहे. तो उलट शिवी देत नाही, शिंगही मारत नाही. आधी जागचा हलत नाही. मग एकांतात, नाव घेऊन, पुराव्यानिशी विचारतो. मडकं फोडलं का, हा प्रश्न मुलांना फार आवडतो, कारण त्यांनी ते फोडलेलं असतं. मोठ्यांना मात्र गोष्टीतला दुसरा भाग टोचावा: शिवी देणारा परका नव्हता, प्रेमाने वाढवणारा होता. मुलाचं टोपणनाव पुष्कळदा घरातच पडतं आणि तिथून दप्तरातून शाळेत जातं. पोळ्याला शिंगांना बेगड लावणारा हात आणि नांगर धरल्यावर त्याच बैलाचा उद्धार करणारं तोंड एकाच माणसाचं असतं.

याच जातकांत एक गोष्ट आहे जी मी छळ सोसणाऱ्या मुलाला सांगणार नाही. बोधिसत्त्व रानरेडा असतो. एक माकड रोज त्याच्या पाठीवर चढतं, शिंगं धरून लोंबकळतं, शेपटी ओढतं, अंगावर घाण करतं. रेडा सगळं सहन करतो. झाडावरची देवता विचारते, एका धडकेत संपवू शकतोस, मग सोसतोस कशाला? तो म्हणतो, हे कधीतरी दुसऱ्या कुणाशी असंच वागेल आणि तो याला धडा शिकवील. तसंच होतं, दुसरा रेडा येतो आणि माकड मरतं. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात ही कथा रंगवलेली आहे, आणि लेणं बघायला मुलांना जरूर न्यावं. गोष्ट क्षमेची आहे, आणि ज्याच्या अंगी प्रतिकाराचं बळ आहे त्याच्या क्षमेला अर्थ असतो. पण दुसरीतल्या मुलीला ‘सोस, त्याचं तो भोगेल’ हे सांगणं म्हणजे तिला एकटं सोडून देणं. आपल्या घरांत रेडा फार सांगितला गेला आहे, बैल कमी.

भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट आपण गंमत म्हणून सांगतो. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, सगळ्यांना तिला खायचं असतं. ती त्यांना म्हणते, आत्ता माझी नुसती हाडं आहेत, लेकीकडे जाऊन खाऊनपिऊन जाडजूड होऊन येते, मग खा. लेकीकडे ती मुक्काम करते, खरोखर धष्टपुष्ट होते, आणि परत निघताना लेक तिला मोठ्या पोकळ भोपळ्यात बसवून देते. भोपळा गडगडत जनावरांच्या पुढून निघून जातो. हाच भोपळा बंगालीतही आहे आणि पार इराणमध्येही. इतक्या प्रदेशांतल्या आज्यांना ही एकच युक्ती सुचली किंवा पटली, याला काहीतरी कारण असणार.

म्हातारीने काय केलं ते पायरीपायरीने पाहिलं तर आजचे समुपदेशक जे सांगतात त्यातलं बरंचसं सापडतं. ती वाघाशी भांडत बसत नाही. त्या क्षणी सुटायचं तेवढं बघते. वाघाला दिलेला शब्द पाळायची तिला अजिबात घाई नाही, आणि गोष्टही तिला त्याबद्दल दोष देत नाही. मग ती आपल्या माणसाकडे जाते आणि तिथे सगळं सांगते. लेक तिला हसत नाही, ‘कशाला गेलीस त्या वाटेने’ म्हणत नाही. ती तूप-रोटी वाढते आणि परतीची तजवीज करते. वाट तीच, जनावरं तीच, पण आता म्हातारीभोवती भोपळा आहे. मुलांना याबद्दल एकच प्रश्न विचारावा: तुझी लेक कोण? म्हणजे अडचणीत तू कुणाकडे जाशील? उत्तर म्हणून कधी आजी येते, कधी रिक्षावाले काका, कधी शेजारची ताई. आईबाबांचं नाव आलं नाही तर लगेच रुसू नये.

कमजोराच्या एकजुटीची गोष्ट पंचतंत्रात आहे. माजलेला हत्ती फांदी मोडतो, चिमणीची अंडी फुटतात. चिमणी रडत बसलेली असताना तिचा मित्र सुतारपक्षी येतो, तो माशीला बोलावतो, माशी बेडकाला. माशी हत्तीच्या कानात गुणगुणते, सुतारपक्षी डोळे फोडतो, तहानलेला आंधळा हत्ती बेडकाच्या डरकण्याला पाणी समजून खड्ड्याकडे जातो आणि पडतो. शेवट रक्तबंबाळ आहे. विष्णुशर्मा राजपुत्रांना राजकारण शिकवत होता, बालवाडी चालवत नव्हता. सांगताना मी डोळे फोडायचे वगळतो आणि हत्तीला चिखलात रुतवतो. शुद्धतावाद्यांनी माफ करावं.

पण मैदानावर खरंच असं होतं का? कॅनडात काही संशोधकांनी शाळांच्या मैदानावर कॅमेरे आणि छोटे माइक लावून नोंदी केल्या. २००१ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे असे: छळाच्या शंभरातल्या ८८ प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडली ती फक्त १९ प्रसंगांत, पण जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के प्रसंगांत, त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिव्हाल्ली यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की छळ हा दोघांचा मामला नसतो. त्यात मदतनीस असतात, हसून चेव आणणारे असतात, बाजूला उभे राहणारे असतात आणि थोडे पाठराखे असतात. त्यांच्या कामातून उभा राहिलेला ‘किवा’ हा कार्यक्रम २००९ पासून फिनलंडच्या शाळांत देशभर गेला. त्याचा सगळा भर उभं राहून बघणाऱ्या घोळक्यावर आहे. चिमणीला कराटे शिकवण्यापेक्षा माशीला आणि बेडकाला जागं करणं सोपं पडतं.

हे पाहायला जंगलात जायची गरज नाही. कोतवाल नावाचा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी शेताकडेच्या तारेवर दिसतो. आकाराने तो कावळ्यापेक्षा बराच लहान, पण त्याच्या घरट्याच्या झाडाजवळ कावळा किंवा घार आली की असा अंगावर जातो, की त्यांना पळता भुई थोडी होते. म्हणून हळद्या, होले असे गरीब पक्षी पुष्कळदा त्याच झाडावर आपलं घरटं करतात. टिटवीही बघावी. उघड्या माळावर, खड्यांमध्ये खड्यांसारखीच ठिपक्यांची चार अंडी घालते. कुत्रं जवळ आलं की आकांत करून झेपा घेते, पंख मोडल्याचं सोंग करून त्याला भलतीकडे नेते, आणि चरणारं गुरू थेट अंड्यांवर पाय ठेवायला आलं तर पंख पसरून त्याच्यापुढे उभी राहते. समोर कोण आहे यावरून उपाय बदलायचा हे तिला कळतं. टिटवीदेखील समुद्र आटवते ही म्हण पंचतंत्रातल्या कथेची सावली आहे. तिथे समुद्राने अंडी पळवल्यावर टिटवी एकटीने चोचीने पाणी उपसून जिंकत नाही. सगळे पक्षी गरुडाकडे जातात, गरुड विष्णूकडे जातो, तेव्हा समुद्र अंडी परत करतो. म्हणीत फक्त टिटवी उरली, तक्रारीची सगळी साखळी गळून गेली.

चिमणी आणि कावळा यांच्याबद्दल बोलायलाच हवं, कारण ही बहुतेक मराठी मुलांच्या कानावर पडणारी पहिली गोष्ट. कावळ्याचं घर शेणाचं, ते पावसात वाहून जातं. चिमणीचं मेणाचं, ते टिकतं. भिजलेला कावळा दार ठोठावतो आणि चिमणी एकेक सबब सांगते: बाळाला अंघोळ घालते, तीट लावते, झोपवते. काही घरांत शेवटी दार उघडतं, काही घरांत नाही. आपण सांगताना चिमणीच्या बाजूने असतो. ती लहान, गोंडस, टापटीप. कावळा काळा, मोठा, शेणात राहणारा. आता हीच गोष्ट मधल्या सुट्टीत ठेवून बघा. घर गेलेला एक जण दाराबाहेर भिजतोय, आणि आतली मंडळी गोड आवाजात ‘थांब हं’ म्हणतायत. कट्टी याहून वेगळी नसते. मी ही गोष्ट टाकून द्या म्हणणार नाही. तिची लय, ती दारावरची थाप, तो वाढत जाणारा पाऊस मुलांना हवाच असतो. पण एकदा कावळ्याच्या बाजूने सांगून पाहावी. खऱ्या कावळ्याचं घरटं शेणाचं नसतं, काड्यांचं आणि हल्ली तारांचंही असतं, आणि त्यात तो नकळत कोकिळेची पिल्लं वाढवतो, हेही सांगावं. म्हणजे दार उघडं ठेवणारा कोण, हे मुलं आपसूक मोजायला लागतात.

भीतीबद्दलही एक गोष्ट हवी, कारण छळल्या गेलेल्या मुलाला पहिली भीती वाटते ती ‘मी घाबरलो हे कळलं तर काय होईल’ याची. १८६८ साली मेरी फ्रियर यांनी ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा दख्खनच्या कथांचा संग्रह छापला. मेरीचे वडील मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. १८६५-६६ च्या थंडीत दक्षिण मराठा मुलखातल्या दौऱ्यात ॲना लिबराता डिसूझा या आयेने तिला या गोष्टी सांगितल्या. ॲनाने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. त्या संग्रहात सिंहराजा आणि दोन छोट्या कोल्ह्यांची कथा आहे. सिंहाने रानातले बाकी सगळे कोल्हे खाल्लेत, नवरा-बायको दोघंच उरलेत. बायको म्हणते, आता आपली वेळ भरली. नवरा तिला धीर देतो, आणि दोघं पळून जाण्याऐवजी आपणहून सिंहापुढे जाऊन विहिरीतल्या ‘दुसऱ्या सिंहा’ची थाप मारतात. पुढचं आपल्याला सशाच्या गोष्टीतून ठाऊक आहे. पण सशाच्या गोष्टीत ससा एकटा आणि हुशार आहे. इथे दोघं आहेत, त्यातलं एक उघडपणे घाबरलेलं आहे, आणि तरीही युक्तीत सामील आहे. घाबरणं आणि धीर धरणं एकाच वेळी चालू शकतं, हे मुलांना कुणी सांगत नाही.

भित्र्या सशाचं तर आपण शिवीसारखं नाव करून ठेवलं. पाठीवर पान पडलं आणि आभाळ कोसळलं म्हणून पळत सुटला, एवढंच आपल्या लक्षात राहतं. जातकातल्या मूळ कथेत पुढे सिंह येतो. पळणाऱ्या सगळ्या जनावरांना तो थांबवतो, कुणी पाहिलं, कुणी ऐकलं असं विचारत विचारत सशापर्यंत पोचतो. तिथे तो सशाला हसत नाही, रागवतही नाही. ‘चल, जागा दाखव’ म्हणतो. ससा म्हणतो, माझी तिथे जायची हिंमत नाही. तेव्हा सिंह त्याला पाठीवर घेतो आणि निघतो. जवळ गेल्यावर ससा लांबूनच बोट दाखवतो, सिंह एकटा पुढे जाऊन पाहून येतो. बेलाचं फळ ताडाच्या पानावर पडलेलं असतं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी हा एवढाच तुकडा वाचायला देईन.

सांगायचं कसं, याबद्दल थोडं. तात्पर्य जोडू नये. ब्रूनो बेटेलहाइम या मानसशास्त्रज्ञाच्या पुष्कळ मतांवर पुढे जोरदार टीका झाली, पण १९७६ च्या पुस्तकात त्याने दिलेला एक सल्ला टिकण्यासारखा आहे: गोष्टीचा अर्थ मुलाला समजावून देऊ नका, तो त्याचा त्याला लागू द्या. चिडवलं गेलेल्या मुलाला त्याच रात्री, त्याच्याकडे रोखून पाहत उंदराची गोष्ट सांगितली तर ती औषधासारखी कडू लागते. चार दिवस जाऊ द्यावेत, आणि भावंडं सगळी असताना सांगावी. छळणाऱ्यालाही तीच सांगावी; त्याने कुठे हसायचं ते तो ठरवील. उंदराची दवंडी खऱ्या मैदानावर एकट्या मुलाने पिटली तर मार बसू शकतो, हेही ध्यानात असावं. गोष्टीत राजाला लाज आहे. प्रत्येक दांडगटाला ती असेल असं नाही.

गोष्टींना मर्यादा आहे आणि ती लवकर येते. मूल शाळेत जायला नको म्हणतंय, पोट दुखतं म्हणतंय, वह्या फाटून येतायत, अंगावर वळ आहेत, तर बैल-म्हातारी बाजूला ठेवून मोठ्यांनी उठायचं असतं. वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, तेही लेखी. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी आहे; तिची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेतून झाली. तक्रारीत तारीख आणि जागा लिहावी, कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं लिहावं, आणि त्या वेळी भोवती कोण कोण उभं होतं त्यांचीही नावं लिहावीत. शिक्षकांना आधी बोलायचं असतं ते बहुतेक त्यांच्याशीच.